शेडमधला बिगोस

१ सप्टेंबर, सोमवार

काल गणपती गेले. मागच्या बागेत बादलीत विसर्जन. सुहासच्या आईंना ते काही केल्या पटत नाही, दरवर्षी बादलीकडे बघून तोंड फिरवतात. आज घर ओकंबोकं. सुहास उरलेले मोदक डब्यात घालून प्लांटला गेला. चिप बनवणाऱ्या स्वच्छ खोलीत अंतराळवीराचा ड्रेस घालणारा माणूस, आणि शर्टावर तुपाचा डाग.

बर्नीचा फोन आला. बर्नी म्हणजे गावातल्या हॉलच्या कमिटीतली, केस पांढरेशुभ्र, आवाज मिल्ट्री. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर हॉलमध्ये जेवण आमच्याकडे! नीट झालं तर दर गुरुवारी हॉलचं किचन आमचं. म्हणजे माझं आणि दनूताचं. वर्षभर मागे लागलो होतो दोघी. मी मसालेभात, आमटी, बटाट्याची भाजी. शेजारची दनूता तिचा बिगोस, कोबी-मांसाचा पोलिश रस्सा.

फोन ठेवला आणि तशीच चपला घालून शेजारी पळाले. दनूता बेकरीच्या पहाटेच्या ड्यूटीवरून येऊन झोपली होती. उठवलं. आधी मला पोलिशमध्ये शिव्या दिल्या, मग मिठी मारली. बिगोसला तीन-चार दिवस लागतात म्हणे, उद्याच सुरू करते. शिजवायचा, गार करायचा, परत शिजवायचा. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आगं मग त्यो शिळाच की."

इथे आयर्लंडमध्ये आले तेव्हा डिपेंडंट व्हिसावर. शाळेतली नोकरी सोडून आले होते. तेव्हापासून सुहासची बायको, इराची आई. दर गुरुवार फक्त माझा, नाही, आमचा. फार आनंद झालाय. लिहून ठेवते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

३ सप्टेंबर, बुधवार

पहाटे बेल वाजली. दारात दनूता, कोट घातलेला, डोळे सुजलेले. तिच्या वडिलांना स्ट्रोक. ते तिकडे खेड्यात एकटे असतात. दुपारचं विमान.

हातात भलंमोठं पातेलं. काल रात्री तिने मटण, म्हणजे डुकराचं मांस, सॉसेज, ताजा कोबी, वाळवलेली अळंबी असं सगळं परतून अर्धं शिजवून ठेवलेलं. दुसऱ्या हातात आंबवलेल्या कोबीची बादली. म्हणाली, हे यात घालायचं राहिलंय. बर्नीला नाही म्हणून कळव, किंवा तू पूर्ण कर. तू सांग.

मी म्हटलं करते.

बोलून गेले. मी कोथरूडची, शाकाहारी, लग्न पाटणच्या पाटलांत. वीस वर्षं सुहाससाठी मटण करतेय, एकदाही चाखलं नाही. मीठ वासावर कळतं मला. पण ते मटण. हे काय असतं याचा वाससुद्धा माहीत नाही.

दनूताला टॅक्सीत बसवून आत आले तर आई ओट्यासमोर उभ्या. "मिरनाल, ह्ये डुकराचं हाय?"

हो.

"घरात न्हाय चालायचं. आत्ता कुटं गनपती उठल्यात."

मी म्हटलं, आई, तुम्ही तर मटण, मासे, खेकडे सगळं खाता.

"मटान येगळं, डुक्कर येगळं. पर तिचा बाप तिकडं पडलाय, टाकूबी नगं. भाईर कर की. आमच्याकडं भाईरच करायची रीत हाय."

बाहेर म्हणजे कुठे? इथे दर तासाला पाऊस. शेवटी शेड. सुहासची सायकल आणि गवत कापायचं मशीन बाजूला सारलं, कपाटातली जुनी इलेक्ट्रिक शेगडी काढली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर. आईंनी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं आणि सांगितलं, "ही चमची, ही पळी आता भाईरचीच. आत आनायची न्हाय."

इरा शाळेतून आली, शेडमध्ये डोकावली, "आजी इज गॅस!" म्हणजे आजी भारी गमतीची, असं म्हणत फोटो काढून गेली. तिला माहीत नाही आपल्या आजोळी आणि आजीकडे किती वेगवेगळी जगं आहेत ते.

४ सप्टेंबर, गुरुवार

दनूता पोचली. वडील बोलत नाहीत, पण हात दाबतात.

इकडे मी छत्री घेऊन शेडच्या फेऱ्या मारतेय. आंबवलेला कोबी घातला. त्याचा वास! लोणच्याची बरणी बिघडली की येतो ना, तसा. आधी नीट धुऊन घेतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग पिळून आत. सुके आलुबुखार घातले, तमालपत्र, तिच्या पुडीतले मसाल्याचे काळे दाणे. मंद आच. दनूता व्हॉइस मेसेजमध्ये "स्लोली, स्लोली" म्हणते आणि मागे हॉस्पिटलची घंटी वाजते.

सुहासला वाटीत दिलं. "मस्त!"

आंबट आहे का?

"मस्त आहे."

तिखट?

"एकदम मस्त."

या माणसाला मी एकदा चुकून बिनमिठाचं पिठलं वाढलं होतं, तेव्हाही मस्तच होतं.

दनूताने मेसेज केला, चव कशी आहे? मी लिहिलं, ग्रँड. इथे आल्यापासून हा शब्द फार सोयीचा झालाय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी झाकण काढलं. आई पदराचं टोक नाकाला लावून दारात. अचानक पदर काढला, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्याला आंबूस वासच न्हाय गं. मेल्यावानी लागतंय."

मी म्हटलं तुम्हाला काय माहीत कसा असतो. तर म्हणाल्या, "बादलीचा वास आला हुता की परवा. त्यो कुटं गेला?"

खरंच की. कुठे गेला?

दनूताला व्हिडिओ कॉल लावला. ती हॉस्पिटलच्या जिन्यात बसलेली. म्हणाली, कोबी घातल्यावर चाखलास तेव्हा कसा होता? आता काय लपवायचं? सांगितलं. मी चाखत नाही. मी कधीच चाखत नाही. माझ्या माहेरी देवाला दाखवायच्या आधी चाखायचंच नाही असं आईने शिकवलं, आणि हे तर... आणि कोबी धुतला. तीन पाण्यांनी.

दनूताने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "मृणाल. यू वॉश्ड इट." एवढंच. एखाद्याला सांगावं तू माझी मांजर धुतलीस तसं. सगळा आंबटपणा मोरीत गेला होता. तांदूळ, डाळ, पालेभाजी, सगळं धुऊन घेणारे हात माझे. डोक्याला विचारलंच नाही.

मी रडायच्या बेतात. रविवारी तिचे सगळे पोलिश लोक येणार, आणि बर्नी. हा फसला तर गुरुवार गेला. त्याहून म्हणजे दनूताने हातात दिलेलं मी नासवलं.

आई म्हणाल्या, "आमसूल टाक की मूठभर. कोन वळखतंय?"

मी ओरडलेच. हा दनूताचा पदार्थ आहे, आमटी नाही! आईंनी पदर खोचला. मग पुटपुटल्या, "आमसुलानं कुनाचं वाईट झालं न्हाय."

दनूताच म्हणाली, पोलिश दुकानातून पिंपातला कोबी आण, त्याच्या पाण्यासकट. धुवायचा नाही. पाणी थोडंथोडं घालायचं आणि प्रत्येक वेळी चाखायचं. मग थांबून विचारलं, चाखणार कोण?

सुहासचं नाव घेतलं तर जिन्यात बसल्या बसल्या हसली. "नो. नॉट युवर मॅन."

६ सप्टेंबर, शनिवार

पोलिश दुकान उघडायच्या आधीच दारात. दुकानातली बाई दनूताला ओळखते. डबाभर पाणी फुकट दिलं, वडिलांना लवकर बरं वाटू दे म्हणाली.

शेडमध्ये पातेलं उकळलं, पहिली पळी पाणी घातलं. आता? मी चमचा तोंडाजवळ नेला. खरंच नेला. हात तिथेच थांबला. पाप-बिप नाही मानत मी. पण चमचा परत खाली ठेवला. स्वतःचाच राग आला. एवढ्याशा चमच्यापायी!

"आन इकडं."

आई. पायात सुहासचे गमबूट, हातात स्वतःची वाटी.

मी म्हटलं, आई, डुकराचं आहे.

"ठाव हाय." आणि मग वाटीकडे बघत सांगायला लागल्या. सासरी नवीन आल्या तेव्हा कोयनेकडच्या रानात गावची माणसं शिकारीला जायची. रानडुक्कर पडलं की घराघरात वाटा. घरात नाही, परड्यात तीन दगड मांडून शिजायचं, भांडंही वेगळं. शिजवायच्या आईच. आणि चाखायच्याही. "पुरुषमानसं पायजे तेवडी खायची. आमाला इचारलंच न्हाय कुनी, तुमी खाता का म्हून. आमी पळीनं चाखायचो आन् व्हट पुसायचो."

सुहासला माहीत आहे? "त्येला कशाला?" मग त्यांनीच विचारलं, हे शिकारीचंच आहे ना? मी म्हटलं हो, दनूताने सांगितलं होतं, पूर्वी तिकडे शिकारी लोक हे करायचे. त्यावर नुसतं "मग" म्हणाल्या आणि वाटी पुढे केली.

चाखलं. डोळे मिटले. "आजून."

अजून एक पळी पाणी. "आजून थोडं."

पुढे बराच वेळ तेच. मध्येच म्हणाल्या मिरची हवी. दनूताला विचारलं, ती किंचाळली, नाही! आईंना वाईट वाटलं, "मग ती लोकं खात्यात कसं गुळमाट," पण मिरची घातली नाही. शेवटी एकदा वाटी पालथी ठेवली. "झालं. आता हात लावू नगं." मग बागेच्या नळावर खळाखळा चुळा भरल्या आणि वर आंघोळीला गेल्या.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, त्या न्हाऊन आल्या होत्या आणि माझे हात अजून बिगोसचे. चहा करून दिला, आलं जास्त घालून.

दनूताचा मेसेज, एक डबा माझ्यासाठी फ्रीझरमध्ये ठेव, आल्यावर खाईन. ठेवला. आइस्क्रीमचा रिकामा डबा, गळ्यापर्यंत भरून. ती येणार म्हणते, म्हणजे येणार.

रात्री कराडच्या मावशींचा आईंना फोन. उद्या चंद्रग्रहण. आईंचा चेहरा उतरला. सकाळीच वेध लागणार, म्हणजे जेवण ऐन वेधात. मी म्हटलं, आई, प्लीज.

"लोकांनी खावं. त्यास्नी कुटं ठाव हाय. म्या बघती काय करायचं त्ये."

७ सप्टेंबर, रविवार

पाय मोडलेत, पण लिहितेच.

आईंनी गणपतीच्या सामानातला दर्भ काढून प्रत्येक भांड्याच्या झाकणाला दोऱ्याने बांधला. आमटी, भात, भाजी. बिगोसपाशी जरा थांबल्या. मग तिथेही बांधला. तुळशीचं पान मात्र नाही, "तुळस डुकराजवळ न्हाय." स्वतः उपाशीच हॉलमध्ये आल्या, खुर्ची टाकून बसल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होत्या. बर्नीने झाकणाकडे बघून विचारलं, हे गवत कसलं? मी म्हटलं, डेकोरेशन. "लव्हली," म्हणाली.

बिगोस मीच वाढला. पहिला एक म्हातारा पोलिश माणूस, टोपी हातात. एक घास घेतला. ब्रेडचा तुकडा बुडवून दुसरा. मग ताट घेऊन परत रांगेत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आयरिश बायकांनी मसालेभात संपवला. बटाट्याच्या भाजीला कुणीतरी "करीड स्पड्स" म्हटलं, चालेल. पातेलं रिकामं. तो म्हातारा शेवटी येऊन म्हणाला, दनूताला सांग, छान होता. मी सांगते म्हटलं. आईंकडे बोट दाखवणार होते, त्या खुर्चीतच डुलक्या घेत होत्या.

बर्नी जाता जाता, "वी'ल टॉक." चेहरा चांगला होता.

संध्याकाळी ग्रहण लागलेलाच चंद्र उगवणार होता म्हणे. ढग. आई तरी खिडकीपाशी जप करत बसल्या.

८ सप्टेंबर, सोमवार

फ्रीझरमधला डबा गेला.

सकाळी मी उठायच्या आधी आईंनी ग्रहणाची आंघोळ केली, घर पुसलं, साठवलेलं पाणी ओतून दिलं. आणि ग्रहणाआधी शिजवलेलं जे काही दर्भाशिवायचं होतं ते सगळं ओल्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये. फ्रीझरही उघडला. दनूताचा डबा घासून, पुसून ओट्यावर पालथा. मला काय झालंय ते कळायला वेळ लागला. धावत बाहेर गेले तर कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळत होती.

खूप बोलले मी आईंना. इतक्या वर्षांत असं बोलले नव्हते. तो फक्त बिगोस नव्हता, तिने स्वतः परतलेलं होतं त्यात, वडिलांची बातमी यायच्या आधीच्या रात्री. ती परत येईल म्हणून ठेवला होता. आई तो रिकामा डबा हातात धरून म्हणाल्या, "मला वाटलं इसरलीस तू बांधायचं. तुमालाच बादू नये म्हून..." मग खोलीत गेल्या, जेवायलाही खाली आल्या नाहीत.

सुहास म्हणाला, दुसरा कर ना. याला काय सांगायचं.

संध्याकाळी ताट वर नेलं. आई पलंगावर पाठमोऱ्या. म्हटलं, चुकलं माझं, बोलायला नको होतं. म्हणाल्या, "तिला सांगू नगंस. बापापाशी बसलीया." हात हातात घेतला. थंडगार होता. दोघी रडलो जराशा.

१० सप्टेंबर, बुधवार

दनूताला सांगितलं. राहवेना. पहिल्यांदा तिला कळेचना. चंद्रामुळे? युवर मदर-इन-लॉ थ्रू माय बिगोस आउट बिकॉज ऑफ द मून? आणि मग जी हसायला लागली! मीही. फोनवर दोघी नुसत्या खिदळत होतो. ती म्हणाली, थांब, बाबांना सांगते, आणि त्यांच्या कानाशी पोलिशमध्ये काहीतरी बोलली. म्हणे त्यांचा एका बाजूचा ओठ हलला.

हसता हसताच रडायला लागली. वडिलांना घरी आणायचं ठरलंय. बघायला दुसरं कुणी नाही. बेकरीत रजा संपत आली, मालक किती दिवस थांबणार. इथल्या घराचं काय करायचं तेही ठरवायला हवं. म्हणाली, मृणाल, गुरुवार तू घे. माझ्यासाठी थांबू नकोस. आमटी कर, तो भात कर, लोकांना आवडलाय.

आणि बिगोस?

"तू चाखत नाहीस," म्हणाली.

 फोन ठेवल्यावर तिच्या घराच्या बाजूची खिडकी बंद केली. तिच्या दारासमोर पत्रं साठलीत, उद्या उचलून आणेन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बर्नीने हॉलवर बोलावलं. कमिटीने हो म्हटलं. पुढच्या गुरुवारपासून. किचन दाखवलं, गरम पाण्याचा नळ कसा अडकतो ते, भांड्यांचं प्रेस, म्हणजे कपाट, कुठलं ते. फळीवरचं एक रिकामं पातेलं उचलून बघितलं, चांगलं जड आहे. मग तिने खडू घेतला. दारावर पाटी आहे, प्रत्येक वाराला कोण ते लिहिलेलं. मंगळवारी सेट डान्सिंग, बुधवारी बायकांचा विणकाम क्लब. गुरुवारपुढे रिकामं.

नाव काय लिहू, म्हणाली.

मी म्हटलं, मृणाल अँड दनूता.

माझं नाव लिहून थांबली. खांद्यावरून बघून म्हणाली, "अँड शी इज कमिंग बॅक, इज शी?"

मी म्हटलं, शी इज.

तिने लिहून टाकलं. दनूताचं स्पेलिंगही बरोबर लिहिलं. घरी येईपर्यंत माझं धाबं दणाणलेलं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं केलंस," आणि पुढे विचारलं, "तिला इचारलंस का?"

नाही विचारलं. फोन हातात घेऊन बसलेय मघापासून. तिकडे आता वडिलांची जेवायची वेळ असेल.